गाडीला थंडी

कौतुक करायला माझी जीभ जरा जडच आहे. आमच्या उधन्याच्या गल्लीत कुणालाही विचारा. भाजी कितीही चांगली झाली तरी "मीठ बरं पडलंय" एवढंच माझ्या तोंडून निघतं. पण माझ्या धाकट्या जावेने, योगिताने, त्या दिवशी पर्वत पाटियाला भर रस्त्यात जे केलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मध्ये बोलू नका तेवढं.

आम्ही मूळचे साक्रीकडचे. सासरे लूमवर कामाला म्हणून सुरतेला आले आणि इथलेच झाले. सासूबाई सुंदराबाई अजून घरात अहिराणीच बोलतात, पोरं त्यांना गुजरातीत उत्तर देतात आणि भाषांतर करायला मी. घरी बसून साड्यांना फॉल आणि ब्लाऊजला अस्तर लावायचं काम करते. माझा धाकटा दीर गोपाल पर्वत पाटियाच्या कपडा मार्केटात गोडाऊनवर असतो, पार्सलं चढवायची देखरेख त्याच्याकडे. गेल्या दिवाळीत त्याने मित्राची जुनी डिझेल गाडी घेतली, मागे दोन रांगा असलेली. विचार होता की ड्रायव्हर ठेवायचा आणि लग्नाच्या भाड्याला लावायची.

आणि इथे आमच्या योगिताने क्लास लावून गाडी शिकून घेतली!

नुसती शिकली नाही. उधन्याच्या पुढे सचिन नावाचा कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या एका शिवण युनिटात मालतीबाई म्हणून सुपरवायझर आहेत, त्यांच्याशी बोलूनही आली. आमच्या भागातल्या बायका तिथे कामाला जातात, रिक्षात एकमेकींच्या मांडीवर बसून. मालतीबाई म्हणाल्या, "बाई चालवणार असेल तर बायकांना ने-आण करायला मला गाडी हवीच आहे. सोमवारपासून सुरू कर." योगिता घरी आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. रात्री जेवताना तिने गोपालला सांगितलं आणि गोपालचा घास हातातच राहिला.

गोपाल वाईट नाही हो. घाबरट आहे, आणि घाबरट पुरुष आवाज चढवतो. तो म्हणाला, "सचिनचा रस्ता म्हणजे ट्रकच ट्रक. पोरखेळ आहे का?" बरीच बोलाचाली झाली. शेवटी त्याने अट घातली. भागीरथीमावशींनी, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने, साक्रीला शेतात भरीत खायला बोलावलंच होतं. "शनिवारी आईला आणि वहिनीला साक्रीला ने आणि परत आण. वाटेत कुठे गाडी बंद पडली, कुठे अडकलीस, तर चावी माझ्याकडे. मग सचिनचं नाव काढायचं नाही."

योगिता म्हणाली, "चालेल."

मी असते तर ताट आपटलं असतं. ती उठून शांतपणे भांडी घासायला गेली. मला तर तिचा रागच आला.

सासूबाई या सगळ्यात एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं आणि योगिताचं तसं भांडण नव्हतं, पण माया म्हणावी असंही काही नव्हतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडी तिचं नाव नव्हतं. "गोपालनी बायको कोठे गई?" असंच विचारायच्या. बाईने गाडी चालवणं त्यांना पटलं की नाही, तेही कुणाला कळलं नाही. फक्त योगिता गाडी पुसत असली की दारात खुर्ची टाकून बघत बसायच्या.

यंदा पौषात सुरतेलाही बऱ्यापैकी थंडी पडली. म्हणजे आमच्यापुरती. धुळ्याचे पाहुणे येतात आणि हाफ शर्टावर फिरतात, आम्ही मात्र कानटोपी शोधतो. थंडी पडली तशी गाडीच्या मीटरवर रोज सकाळी दिवे लागायला लागले आणि आमच्या घरात त्या दिव्यांची चर्चा सुरू झाली. चावी फिरवली की आधी एक पिवळा दिवा लागायचा, स्प्रिंगसारखं चित्र. योगिता तो विझेपर्यंत हात आवरून बसायची, मगच सेल मारायची. "डिझेल गाडी आहे ताई, आधी आतली कॉइल तापू द्यायची." मग गाडी सुरू झाली की एक निळा दिवा. पाण्यात थर्मामीटर उभा केल्यासारखं चित्र.

"हा कशाचा गं?" मी विचारलं.

"इंजिन अजून थंड आहे. हळू चालवायची, जोर द्यायचा नाही. आपोआप विझतो."

"आणि नाही विझला तर?"

"विझतो. पण हेच चित्र लाल झालं ना, तर मात्र गाडी थांबवायची. निळा म्हणजे दूध अजून थंड आहे, लाल म्हणजे उतू चाललंय. लाल लागल्यावर पुढे रेटली तर इंजिनच जातं."

एक बर्फाच्या चांदणीचंही चित्र असतं म्हणे काही गाड्यांत, रस्त्यावर बर्फ असेल तर लागणारं. मी म्हटलं, सुरतेत बर्फ फक्त गोळ्याच्या हातगाडीवर असतो, तो दिवा आपल्याला नको. ती हसली. सासूबाई दारात बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजे रोज सकाळले गाडीले थंडी वाजस?" योगिता म्हणाली, "हो आई, तसंच समजा." संपला विषय. मला तरी वाटलं संपला.

शनिवारी सकाळी निघायची घाई, आणि माझं काळ्या अस्तराच्या तुकड्यांचं गाठोडं सापडेना! तुकडे म्हणजे कचरा नव्हे, त्यातून पट्ट्या निघतात. मी घर डोक्यावर घेतलं. योगिताला म्हटलं, "तुला आवरायची भारी हौस, तूच टाकलंस कुठेतरी." ती म्हणाली, "नाही ताई, खरंच नाही." सासूबाई शाल घट्ट ओढून म्हणाल्या, "चला, उशीर व्हयना." मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण एरवी माझी वस्तू हरवली की पलंगाखाली वाकून शोधणारी पहिली त्याच असतात.

बाहेर गेलो तर गाडीच्या बॉनेटवर आमची जुनी गोधडी पांघरलेली! दोन्ही बाजूंनी सुतळीने नीट बांधलेली. समोरच्या घरातल्या पोरी खिदळत होत्या. योगितालाही हसू आलं. "आई, हे तुम्ही केलंत?"

"मग. आमना बाप म्हशीसवर गोनपाट टाके थंडीमा," सासूबाई म्हणाल्या. "गाडी काय, जनावरच शे."

योगिताने सुतळी सोडली, गोधडीची घडी केली, मागच्या सीटवर ठेवली. गोपाल पहाटेच गोडाऊनवर गेला होता, म्हणून बरं, नाहीतर त्याने तिथेच अक्कल काढली असती. पिवळा दिवा लागला, विझला. गाडी सुरू झाली. निळा लागला. मी पुढे बसले होते, सासूबाई मागे. त्या दोन सीटांमधून मान घालून मीटरकडे बघत होत्या. अजून गल्लीतून नीट बाहेरही पडलो नव्हतो तोवर निळा गेला.

"विझना ना? आज लवकर विझना," त्या म्हणाल्या, आणि स्वतःशीच हसून मागे टेकल्या.

"हो की," योगिता म्हणाली. तिने एकदा मीटरकडे पाहिलं, पण समोर टेम्पो आडवा आला आणि ते तेवढ्यावरच राहिलं.

लिंबायतच्या बाजूने पर्वत पाटियाला आलो आणि सगळं ठप्प. पुढे साड्यांच्या पार्सलांचा एक टेम्पो कलंडला होता. गाठोडी रस्त्यावर, माणसं गाठोड्यांवर, आणि प्रत्येकाचा हात हॉर्नवर. आम्ही मुंगीच्या पावलाने सरकत होतो. मी डब्यातला चिवडा काढला. तेवढ्यात योगिता एकदम ताठ झाली.

मीटरवर तेच चित्र होतं, पाण्यात थर्मामीटर उभा असलेलं. पण लाल.

"ताई, थांबवावी लागणार."

मला भलतंच टेन्शन आलं. गाडीचं नाही हो, अटीचं. मी म्हटलं, "अगं वेडी की काय? दिवाच तर आहे! इथे थांबलीस तर गोपालच्या कानावर जायला किती वेळ? हे त्याचंच मार्केट! चल, पुढे कडोदऱ्याला पंपावर बघू."

तिने हात पुढे केला आणि हीटर पूर्ण सोडला. तोंडावर भट्टीसारखी हवा आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गाडी तापलीय आणि तू वर हीटर लावतेस? कुठल्या क्लासने शिकवलं हे?"

"इंजिनाची गरमी आत ओढून घेतो तो. कडेला जाईपर्यंत तेवढाच आधार. काच खाली करा, ताई."

आणि नेमका त्याच वेळी गोपालचा फोन. तो दर थोड्या वेळाने फोन करणार हे ठरलेलंच होतं. स्पीकरवर त्याचा आवाज आला, "कुठे पोहोचलात?"

योगिताने खोटं बोलायला हवं होतं. मी तर हाताने खुणाही केल्या. ती म्हणाली, "पर्वत पाटियाला. लाल दिवा लागलाय, पाणी तापल्याचा. बाजूला घेतेय."

"बाजूला कशाला? थंडीत कुठे गाडी तापते का? मीटर खराब असेल. चालव तू, पुढे बघू."

"नाही चालवणार," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. इंडिकेटर दिला, हात बाहेर काढला, एका रिक्षावाल्याने "बेन, क्यां घुसो छो!" म्हणून ओरडून घेतलं, तेही ऐकून घेतलं, आणि चहाच्या टपरीशेजारी गाडी लावून चावी फिरवून बंद केली. गाडीबरोबर सोमवारही बंद झाला, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण चावी तिने फिरवली. सांगते ना, मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी थोरली आहे तिच्याहून.

टपरीवरचा एक जण पुढे आला. "बॉनेट खोलो, पानी डालते हैं." त्याने बॉनेट उघडलंही, आणि फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तोच योगिता मध्ये उभी राहिली.

"हात लावू नका. वाफ तोंडावर येईल. थंड होऊ दे आधी."

"अरे, रोज का काम है हमारा."

"असेल. ही गाडी माझी आहे. हिला हात नाही लावायचा."

तो पुटपुटत परत गेला. आम्ही उभ्या राहिलो. सासूबाई गाडीतच बसून होत्या, शाल तोंडापर्यंत ओढलेली. मला वाटलं, घाबरल्या. योगिता गाडीभोवती फिरली, खाली वाकून पाणी गळतंय का पाहिलं, इंजिनाशेजारच्या कूलंटच्या बाटलीतलं पाणी पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग ती समोर उकिडवी बसली आणि नंबर प्लेटच्या वरच्या जाळीत तिने बोट घातलं.

बोटाबरोबर काळ्या अस्तराची एक पट्टी बाहेर आली. लांबच लांब.

माझीच! खडूची खूणसुद्धा होती तिच्यावर. जाळीच्या एकेका फटीत तुकडे बसवलेले, उलथण्याच्या दांड्याने दाबून दाबून, इतके नीट की काळ्या जाळीत काळं कापड कुणाला दिसूही नये. वारा आत जायला जागाच ठेवली नव्हती. इंजिन बिचारं श्वास कुठून घेणार? असलं नेटकं काम आमच्या घरात एकच माणूस करतं. मी गाडीच्या काचेकडे पाहिलं. योगितानेही पाहिलं. काचेआड सासूबाईंचे डोळे तेवढे शालीबाहेर होते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोपालची बाइक येऊन थांबली. गोडाऊन दोन गल्ल्या पलीकडे, त्याला कितीसा वेळ लागणार?

"झालं?" तो म्हणाला. "साक्री राहू दे, सुरतच नाही संपली अजून. मी बोललो होतो ना?" आणि त्याने हात पुढे केला. "आण चावी."

योगिताच्या एका मुठीत ती काळी पट्टी होती. एक वाक्य बोलायचं होतं तिने, फक्त एक. आईंनी जाळी बुजवली, माझी काय चूक? तिने ती मूठ ओढणीखाली घेतली आणि दुसऱ्या हाताने चावी त्याच्या हातावर ठेवली.

"इंजिन तापलं होतं," ती म्हणाली. "थांबवावीच लागली."

बस्स. एवढंच. मी पुढे झाले तर तिने माझा दंड असा दाबला की कळ निघाली. माझ्यासारख्या बाईला गप्प बसवणं म्हणजे काय असतं ते माझ्या नवऱ्याला विचारा. पण मी गप्प बसले.

आणि गाडीचं दार उघडलं.

सासूबाई एकेक पाय टाकत उतरल्या. सरळ गोपालसमोर येऊन उभ्या राहिल्या. "तिनी काहीच चूक नई," त्या म्हणाल्या. "गाडीले थंडी वाजस ना, म्हनीसन मीच कोंब्यात त्या चिंध्या. काल संध्याकाळले."

गोपालला काही उमगेना. "कसल्या चिंध्या?"

सासूबाईंनी योगिताची मूठ ओढणीखालून बाहेर काढली आणि उघडली. काळी पट्टी लोंबत खाली आली.

"आज तिनी परीक्षा व्हती," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. "तो निळा दिवा लागाले नको, तिले कोनी नावं ठेवाले नको, म्हनीसन करं मी. माले काय म्हाईत, तिना जीववर उठी ते." मग त्यांनी डोळे पुसले आणि एकदम आवाज चढवला, अगदी आमच्या गावच्या बाजारात चढवायच्या तसा. "आनि तू? तू फोनवर काय सांगं? चालव म्हने! ती तुनं ऐकती, तर आज गाडी राहती का? चावी जाई हाई तिले समजत व्हतं. तरी ती थांबनी. असा डायवर तुले कोठे भेटी रे?"

टपरीवरची माणसं चहा हातात धरून बघत होती. त्या झाकणवाल्याने तर मानही हलवली. गोपाल पट्टीकडे बघत राहिला, मग बायकोकडे. सासूबाईंनी त्याच्या हातातली चावी घेतली. त्याने बोटं सैल सोडली होती, ओढावीसुद्धा लागली नाही. "चावी तिनापाशीच ऱ्हाई," त्या म्हणाल्या आणि ती योगिताच्या हातात दिली.

गोपाल पँटचे गुडघे वर ओढून जाळीसमोर खाली बसला आणि एकेक चिंधी काढायला लागला. रस्त्याच्या धुळीत, आपल्याच मार्केटातल्या लोकांसमोर. सगळ्या काढून झाल्यावर त्याने बोट फिरवून पुन्हा तपासलं. मग उठून योगिताला विचारलं, "आता किती वेळ थांबायचं?"

"अजून थोडा. मग पाणी बघू, घालू आणि सुरू करून बघू."

"बघ तू," तो म्हणाला. "तुला कळतं." हे वाक्य त्याने आधी कधी उच्चारलं असेल तर देव मला शिक्षा करो.

गाडी सुरू झाली तेव्हा एकही दिवा राहिला नाही. योगिता तरीही बराच वेळ मीटरकडे बघत उभीच राहिली, जाळीसमोर हात धरून वारा आत ओढला जातोय का तेही पाहिलं, आणि खात्री झाल्यावर मगच आम्हाला बसा म्हणाली. गोपाल बाइकवरून पुढे गेला आणि टेम्पोशेजारून आम्हाला वाट काढून दिली. सासूबाई आता पुढच्या सीटवर होत्या. माझी जागा गेली, मी मागे गोधडीवर. थोडा वेळ त्या मीटरकडे डोळे लावून होत्या. "आते निळा काब नई लागना?" योगिताने समजावलं की गाडी आधीच गरम आहे. मग पिवळा काब, लाल कोठे, सगळं विचारून झालं. कडोदरा मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला, ऊन काचेतून मांडीवर आलं आणि सासूबाईंची मान कलली.

मी पुढे वाकून हळूच विचारलं, "काय गं, चावी दिलीस पण तोंड उघडलं नाहीस. सोमवारचं काम गेलं असतं की तुझं."

तिने आधी समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकलं. मग म्हणाली, "ताई, या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली. आईंनी फक्त माझ्यासाठी म्हणून केलेली ही पहिली गोष्ट. संध्याकाळच्या थंडीत खाली बसून, एकेक चिंधी... ती मी ह्यांच्यासमोर चूक म्हणून कशी काढून दाखवू?"

काय बोलावं ते सुचेना, मला, मला सुचेना! योगिताचेही डोळे भरले होते आणि ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

सासूबाईंनी डोळे उघडलेच नाहीत. मान कललेलीच होती. शालीतून एक हात तेवढा बाहेर आला आणि गिअरवरच्या तिच्या हातावर क्षणभर टेकला.

"म्होरे देख, योगिता," त्या म्हणाल्या. "गप्पा मंग."